मधला जिना : संगणक-जाळ्यांच्या एका मानकाची कथा

दिव्याहून डोंबिवलीकडे येताना कोपर हे छोटेसे स्टेशन लागते. माझे घर तेथेच आहे. या स्टेशनची एक गंमत आहे. खाली मध्य रेल्वेची मुंबई-कल्याण लाइन धावते आणि तिच्या डोक्यावरून वसईकडे जाणारी लाइन आडवी जाते. वरच्या भागाला लोक 'अप्पर कोपर' म्हणतात. खालच्या लोकलने आलेला माणूस जिना चढतो आणि वरच्या गाडीत बसतो. खालच्या गाडीच्या मोटरमनला वरच्या गाडीचे वेळापत्रक ठाऊक असण्याची गरज नसते. वरच्या गाडीच्या गार्डलाही खालची गाडी किती डब्यांची होती याच्याशी कर्तव्य नसते. दोघांचा संबंध जोडण्याचे काम मधला जिना करतो. गाड्या बदलतात, डबे बदलतात, वेळापत्रक बदलते, जिना मात्र तोच राहतो.

संगणकाच्या इतिहासात असाच एक जिना बांधला गेला. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, कारण तो नीट बांधला गेला. शाळेच्या संगणक कक्षात आज आपण कोणत्याही कंपनीचे नेटवर्क कार्ड लावतो आणि कोणताही प्रोग्राम चालवतो. कार्ड बनवणाऱ्याने तो प्रोग्राम कधी पाहिलेला नसतो आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते कार्ड पाहिलेले नसते. तरी काम चालते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते असे चालत नव्हते. का चालत नव्हते आणि ते कसे चालू लागले, हे या लेखात पाहू या.

मामांची फ्लॉपी

आधी एक आठवण सांगतो. १९९७-९८ साली मी बी.एस्सी.ला होतो. आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीवर चालणारा एक सर्व्हर आणि त्याला काळ्या तारेने जोडलेले दहा-बारा संगणक होते. प्रयोगशाळेचे मामा प्रत्येक संगणकात एक फ्लॉपी घालून तो सुरू करून देत. पडद्यावर चार नावे एकामागून एक उमटत : एलएसएल, एनई२०००, आयपीएक्सओडीआय, नेटएक्स. मग सर्व्हर सापडे आणि आमचा तास सुरू होई. ही चार नावे आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती, पण अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता.

एकदा एका संगणकाचे कार्ड बिघडले. सरांनी लॅमिंग्टन रोडवरून दुसरे कार्ड आणले, ते वेगळ्याच कंपनीचे निघाले. "आता सगळंच नव्याने टाकावं लागणार," मामा म्हणाले. सर हसले. त्यांनी फ्लॉपीवरच्या चार नावांपैकी फक्त दुसरे नाव बदलले. त्या जागी नव्या कार्डाबरोबर आलेल्या ड्रायव्हरचे नाव लिहिले. बाकीची तीन नावे जशीच्या तशी ठेवली आणि संगणक सुरू केला. तरीही सर्व्हर सापडेना. मग एका छोट्या मजकुराच्या फाइलीत त्यांनी आणखी एक ओळ घातली आणि सर्व्हर सापडला. ती ओळ कोणती, ते पुढे येईल. चारांपैकी एकच नाव बदलून कसे भागले, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला.

कार्ड काय करते?

संगणकांना तारेने जोडण्याची इथरनेट ही पद्धत १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्मली. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज हे तिचे जनक. मेटकाफ यांनी १९७९ साली थ्रीकॉम ही कंपनी काढली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर, म्हणजे पीसी, बाजारात आणला आणि १९८२ साली थ्रीकॉमने त्यात बसणारे इथरनेट कार्ड काढले.

इथरनेटवर माहिती पाकिटांतून जाते. पाकिटावर आधी ज्याला द्यायचे त्याचा ६ बाइटचा पत्ता असतो. मग पाठवणाऱ्याचा ६ बाइटचा पत्ता आणि त्यानंतर २ बाइटचा एक आकडा येतो. हा आकडा आतला मजकूर कोणत्या नियमांनी लिहिला आहे ते सांगतो. त्यापुढे जास्तीत जास्त १५०० बाइटचा मजकूर असतो. या नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. नोव्हेलचा प्रोटोकॉल आयपीएक्स, युनिक्सच्या जगातला आणि पुढे इंटरनेटचा टीसीपी/आयपी, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यांतला नेटबुई. एकाच तारेवरून या सर्वांची पाकिटे जाऊ शकतात, जसे एकाच टपालगाडीतून मराठी, गुजराती आणि तमिळ पत्रे जातात.

कार्डाला मजकूर समजत नाही. तारेवरून आलेले पाकीट आपल्या पत्त्यावरचे आहे का, एवढे ते पाहते. असेल तर ते ठेवून घेते आणि प्रोसेसरला हाक मारते. पण ही हाक कशी मारायची, पाकीट कुठे ठेवायचे, ते उचलायचे कसे, हे प्रत्येक कंपनीच्या कार्डात वेगळे असे. म्हणून कार्डाच्या खोडी जाणणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

गुणाकाराचा प्रश्न

पीसीच्या डॉस प्रणालीत डिस्क, कळफलक आणि छपाईयंत्र यांच्याशी बोलण्याच्या ठरावीक पद्धती होत्या. नेटवर्क कार्डासाठी मात्र काहीच ठरलेले नव्हते. डॉस एका माणसाच्या एका संगणकासाठी लिहिली गेली होती. त्यामुळे जाळ्याचा प्रोग्राम लिहिणारा प्रत्येकजण कार्डाचा भाग आपल्या प्रोग्रामातच घाली.

याचा परिणाम काय झाला ते साध्या गणिताने कळेल. बाजारात १२ प्रकारची कार्डे आणि ४ प्रोटोकॉल आहेत असे धरा. प्रत्येक प्रोटोकॉलला प्रत्येक कार्डाशी थेट बोलायचे असेल तर १२ गुणिले ४, म्हणजे ४८ प्रोग्राम लिहावे लागतील. नवे कार्ड आले की आणखी ४, नवा प्रोटोकॉल आला की आणखी १२. मध्ये एक ठरलेला जिना असेल तर प्रत्येक कार्डाचा एक ड्रायव्हर आणि प्रत्येक प्रोटोकॉलचा एक प्रोग्राम, म्हणजे १२ अधिक ४, केवळ १६ पुरतील. गुणाकाराची बेरीज होते. मानक बहुतेक वेळा याच कारणाने जन्माला येते.

आर्थिक कारणाइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण होते. नोव्हेलच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या कार्डासाठी आयपीएक्सची वेगळी फाइल तयार करावी लागे. ड्रायव्हर आणि प्रोटोकॉल तिच्यात शिजवलेल्या खिचडीसारखे एकत्र होत, मग डाळ वेगळी काढता येत नसे. ही फाइल एकदा चढली की कार्ड तिच्या मालकीचे होई. त्याच वेळी त्याच कार्डावरून टीसीपी/आयपीचा प्रोग्राम चालवायचा म्हटले तर दोघांचे भांडण. ज्या संस्थेत फाइली नोव्हेलच्या सर्व्हरवर आणि टपाल युनिक्सच्या संगणकावर असे, तेथे लोक फाइल बघून झाली की संगणक बंद करत आणि टपाल पाहण्यासाठी दुसऱ्या फ्लॉपीने पुन्हा सुरू करत.

पहिले उत्तर : पॅकेट ड्रायव्हर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ साली एफटीपी सॉफ्टवेअर ही कंपनी सुरू झाली. ती पीसीसाठी टीसीपी/आयपीचे सॉफ्टवेअर विकत असे. प्रत्येक नव्या कार्डासाठी ड्रायव्हर लिहीत बसणे तिला परवडणारे नव्हते. म्हणून तिने ड्रायव्हर कसा असावा याचे एक छोटे टिपण तयार केले आणि ते कोणालाही वापरण्यास खुले केले. त्याची १.०९ ही आवृत्ती १४ सप्टेंबर १९८९ ची आहे.

कल्पना अगदी साधी होती. ड्रायव्हरने स्मृतीत जाऊन बसायचे आणि ठरलेल्या पट्ट्यातला एक इंटरप्ट क्रमांक घ्यायचा. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी क्रमांकित घंटा. आपली ओळख पटावी म्हणून ड्रायव्हरने सुरुवातीलाच 'पीकेटी डीआरव्हीआर' ही अक्षरे कोरून ठेवायची. प्रोटोकॉलचा प्रोग्राम एकेक घंटा तपासत जातो, आणि ही अक्षरे दिसली की ड्रायव्हर सापडला असे समजतो. मग तो सांगतो : "ज्या पाकिटांवर अमुक आकडा असेल ती मला दे." दुसरा प्रोग्राम दुसरा आकडा मागतो. दोघे एका कार्डावर सुखाने नांदतात.

पाकीट आल्यावर काय होते, हे पाहण्याजोगे आहे. ड्रायव्हर प्रोग्रामाला दोनदा हाक मारतो. पहिल्यांदा विचारतो, "इतक्या बाइटचे पाकीट आले आहे, कुठे ठेवू?" प्रोग्राम जागा दाखवतो. ड्रायव्हर पाकीट थेट तेथे ठेवतो आणि दुसऱ्यांदा सांगतो, "ठेवले." ही दोन वेळची विचारपूस कशासाठी? थोडे गणित करू. इथरनेटचा वेग सेकंदाला १ कोटी बिट. सर्वांत मोठे पाकीट आणि त्यापुढची-मागची ठरलेली मोकळीक धरली तर १५३८ बाइटची वेळ लागते, म्हणजे सुमारे १.२३ मिलिसेकंद. पहिल्या पीसीतील ८०८८ प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके पडत. १.२३ मिलिसेकंदात ते सुमारे ५,८७० होतात. पाकिटात पत्ते धरून १५१४ बाइट. म्हणजे एका बाइटमागे चार ठोकेही मिळत नाहीत. आणि या प्रोसेसरला स्मृतीतून एक बाइट नुसता आणायलाच किमान चार ठोके लागत! पाकिटे एकामागून एक येऊ लागली तर ती उचलतानाच पीसीची दमछाक होणार. अशा वेळी एकच पाकीट आधी एका जागी आणि मग दुसऱ्या जागी असे दोनदा हलवणे परवडणारे नव्हते. म्हणून आधी जागा विचारायची आणि एकदाच हलवायचे. मानके टेबलाभोवती बसून ठरतात हे खरे, पण त्यांचा आकार असा यंत्राच्या मर्यादेतून येतो.

न्यूयॉर्क राज्यातील क्लार्कसन विद्यापीठात रसेल नेल्सन यांनी असे ड्रायव्हर लिहिण्याचे आणि ठिकठिकाणच्या लोकांनी लिहिलेले गोळा करण्याचे काम केले. मूळ आज्ञांसह ते सर्वांना फुकट मिळत. 'क्लार्कसन ड्रायव्हर' या नावाने ते जगभरच्या विद्यापीठांत फ्लॉपींवरून पोचले. इलिनॉय विद्यापीठात तयार झालेला एनसीएसए टेलनेट हा मोफत प्रोग्राम त्यांच्यावर चाले. महागडे सॉफ्टवेअर न घेता साधा पीसी जगाच्या जाळ्यात आणण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

दुसरे आणि तिसरे उत्तर

मोठ्या कंपन्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून १९८९ च्या सुमारास एनडीआयएस हे मानक आणले. नेटवर्क ड्रायव्हर इंटरफेस स्पेसिफिकेशन हे त्याचे पूर्ण नाव. त्यांच्या लॅन मॅनेजर या प्रणालीला ते हवे होते. येथे 'प्रोटोकॉल मॅनेजर' नावाचा एक मध्यस्थ असे. संगणक सुरू होताना तो एक मजकुराची फाइल वाची, कोणता प्रोटोकॉल कोणत्या कार्डाशी जोडायचा ते पाही आणि दोघांची गाठ घालून देई. गाठ पडली की दोघे एकमेकांशी थेट बोलत. एका कार्डावर अनेक प्रोटोकॉल असतील, तरच आलेले पाकीट तो एकेकाला दाखवी : "तुझे आहे का?" लग्न जमवणारा मध्यस्थ जसा लग्न लागल्यावर सहसा घरात येत नाही, तसाच हा प्रकार.

त्याच सुमारास नोव्हेलने ॲपल कंपनीबरोबर ओडीआय, म्हणजे ओपन डेटा-लिंक इंटरफेस, हे मानक काढले. मामांच्या फ्लॉपीचे कोडे येथे सुटते. एलएसएल हा मधला जिना. एनई२००० हा कार्डाचा ड्रायव्हर. आयपीएक्सओडीआय हा प्रोटोकॉल. नेटएक्स हा सर्व्हरवरच्या फाइली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या दाखवणारा प्रोग्राम. सरांनी फक्त दुसरे नाव बदलले, कारण कार्ड कोणते आहे हे चौघांपैकी केवळ त्यालाच ठाऊक असावे लागे. ओडीआयमधला मध्यस्थ लग्नानंतर निघून जात नसे. प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जाई आणि वरचा आकडा पाहून तो ते योग्य प्रोटोकॉलकडे पोचते करी.

आणि सरांनी घातलेली ती ओळ? इथरनेटवरच्या पाकिटाची मांडणी थोड्या फरकाने वेगवेगळ्या प्रकारे करता येते. नोव्हेलने सुरुवातीला एक प्रकार रूढ केला. १९९३ साली नेटवेअर ३.१२ आणली तेव्हा आपण होऊन निवडला जाणारा प्रकार बदलला. सर्व्हर एका मांडणीत बोलत होता आणि नव्या ड्रायव्हरने दुसरी मांडणी धरली होती. तार नीट, कार्ड नीट, ड्रायव्हरही नीट, पण पाकीट वेगळ्या पद्धतीने घडी घातलेले. पाकिटाच्या प्रकाराचे नाव लिहिल्यावर दोघांचे जमले. मानक असले तरी त्यात 'काही सांगितले नाही तर काय समजायचे' हे ठरलेले असावे लागते आणि ते मध्येच बदलले तर नीट चालणारे यंत्रही मुके होते, हा धडा आम्हाला त्या दिवशी मिळाला.

जिन्यांना जिने

आता तीन मानके झाली आणि गुणाकाराचा प्रश्न मागच्या दाराने परत आला. कार्डाबरोबर ओडीआयचा ड्रायव्हर आला आहे, पण प्रोग्रामाला पॅकेट ड्रायव्हर हवा, तर काय करायचे? यावर तोडगा म्हणून दुभाषे प्रोग्राम लिहिले गेले. 'ओडीआयपीकेटी' हा ओडीआयवर बसून पॅकेट ड्रायव्हरचे सोंग घेई. 'डीआयएस_पीकेटी' हा एनडीआयएसवर बसून तेच करी. नोव्हेलने स्वतः 'ओडीआयएनसप' काढला, त्यामुळे एनडीआयएसचे प्रोटोकॉल ओडीआयच्या ड्रायव्हरवर चालत. डॉसच्या अवघ्या ६४० किलोबाइट स्मृतीत ही सगळी मंडळी दाटीवाटीने बसत, आणि मूळ काम करणाऱ्या प्रोग्रामाला जागा उरत नसे. प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकत्र बसवण्याचे काम अशा प्रकारे बरेचसे वापरणाऱ्यांनी आणि विद्यापीठांतल्या मंडळींनी केले.

आपल्याकडे

याच वर्षांत आपल्या देशात जाळ्यांची सुरुवात होत होती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली अर्नेट, म्हणजे शिक्षण व संशोधन जाळे, हा प्रकल्प हाती घेतला. त्या वेळच्या पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ सहभागी होते. जुहूच्या एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांचा या कामात मोठा वाटा. २०१४ साली इंटरनेटच्या सन्मान-दालनात त्यांच्या नावाचा समावेश झाला. पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी यांच्यातील टपालाची देवाणघेवाण ही देशातल्या ई-मेलची पहिली पावले. पुढे एनसीएसटी ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

अर्नेटच्या आखणीतही 'कोणती भाषा' हा प्रश्न होताच. एकीकडे टीसीपी/आयपी होती, दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आखलेली ओएसआय. अर्नेटवर दोन्हींना जागा ठेवली गेली आणि प्रत्यक्ष वापरात टीसीपी/आयपी पुढे गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तोपर्यंत निकाल जवळजवळ लागला होता. एकाच तारेवर दोन भाषांना वाव ठेवला, म्हणून लोकांना वापरून ठरवता आले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दोन यंत्रांची गोष्ट

या साऱ्याचे महत्त्व मला खऱ्या अर्थाने कळले ते पीएच.डी. करताना, २००३-०४ च्या सुमारास. आम्ही ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो तेथे दोन जुनी मापनयंत्रे होती. दोन्ही डॉसवर चालणाऱ्या संगणकांना जोडलेली आणि दोन्ही संगणक जाळ्यावर. एका यंत्राच्या उत्पादकाने कार्डाशी बोलण्याचा भाग आपल्या मापनाच्या प्रोग्रामातच शिजवला होता. दुसऱ्या यंत्राच्या संगणकावर पॅकेट ड्रायव्हर होता आणि मोजमापे पाठवणारा प्रोग्राम त्याच्यावर बसवला होता.

एका पावसाळ्यात विजेच्या झटक्याने दोन्ही कार्डे गेली. दुसऱ्या यंत्राचे काम अर्ध्या तासात सुरू झाले. नवे, वेगळ्या बनावटीचे कार्ड बसवले आणि एका ओळीत ड्रायव्हरचे नाव, घंटेचा क्रमांक व कार्डाचा पत्ता लिहिला. एक छोटी अडचण आली. एनई२००० जातीची कार्डे सहसा ३ क्रमांकाच्या इंटरप्टवर बसवून येतात आणि पीसीचे दुसरे सिरियल पोर्टही तोच क्रमांक वापरते. आमचे मापनयंत्र नेमके त्या पोर्टवर होते. कार्ड ५ क्रमांकावर हलवले आणि प्रश्न मिटला. मापनाच्या प्रोग्रामाला काही बदल झाल्याचा पत्ताही लागला नाही.

पहिल्या यंत्राचे मात्र वाईट हाल झाले. तेच कार्ड हवे होते, ते बनणे बंद झाले होते. उत्पादकाने नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. जवळजवळ दोन वर्षे आम्ही मोजमापे फ्लॉपीवर घेऊन जिन्याने खाली-वर करत होतो. मग फ्लॉपी ड्राइव्ह गेला आणि त्याबरोबर त्या संगणकाच्या डिस्कवरची, एका सहकाऱ्याची कित्येक महिन्यांची मोजमापे अडकून पडली. ती बाहेर काढेपर्यंत त्याचा प्रबंध एक वर्ष लांबला. यंत्राची अचूकता उत्तम होती, चूक केवळ इतकीच की त्याला मधला जिना नव्हता.

पुढे काय झाले?

ज्या कंपन्यांनी ही मानके काढली, त्यांचे पुढे काय झाले पाहा. एफटीपी सॉफ्टवेअर १९९८ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. विंडोज ९५ बरोबरच टीसीपी/आयपी मिळू लागल्यावर ते वेगळे विकत घेणार कोण? थ्रीकॉम २०१० साली एचपीने घेतली. नोव्हेल २०११ साली ॲटॅचमेटकडे गेली. ओडीआय नेटवेअरबरोबर मावळले. एनडीआयएस मात्र विंडोज एनटीपासून आजच्या विंडोजपर्यंत आवृत्त्या बदलत टिकून आहे. पॅकेट ड्रायव्हरही पुरता गेलेला नाही. फ्रीडॉस ही मोफत प्रणाली वापरणारे हौशी लोक आजही त्याच्यावरूनच जाळ्यात येतात. एनई२००० हे कार्ड तर देहाविना उरले आहे. एका संगणकात दुसरा संगणक भासवणाऱ्या क्यूएमयू या प्रोग्रामात ते आज्ञांच्या रूपात आहे.

सर्वांत नवलाची गोष्ट लिनक्सची. लिनक्समध्ये डोनाल्ड बेकर आणि इतरांनी कार्डांचे ड्रायव्हर मूळ आज्ञांसह खुले लिहिले. पण २००० नंतर बिनतारी कार्डे आली आणि कित्येक उत्पादकांनी माहिती देण्यास नकार दिला. त्यांचे ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी, म्हणजे एनडीआयएसच्या जिन्याला बसतील असे होते. तेव्हा काहींनी लिनक्समध्ये तसाच हुबेहूब जिना बांधला. 'एनडीआयएसरॅपर' या प्रोग्रामामुळे विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालू लागला, आपण परक्या घरात आहोत हे त्याला कळतही नसे. फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी बिल पॉल यांनीही तेच केले. जिन्याचे माप जाहीर असेल तर तो दुसऱ्यालाही बांधता येतो. मग बांधणाऱ्याची परवानगी लागत नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना हा विषय संगणकाशिवायही शिकवता येईल. पाच मुलांना 'कार्डे' आणि चौघांना 'प्रोटोकॉल' करा. प्रत्येक 'कार्डा'ने पाकीट देण्याची आपली वेगळी खूण ठरवावी : कोणी टाळी, कोणी चुटकी. प्रत्येक 'प्रोटोकॉल'ने पाचही खुणा शिकायच्या. किती खुणा शिकवाव्या लागल्या ते मोजा, उत्तर २० येईल. मग मध्ये एक मुलगी 'जिना' म्हणून उभी करा आणि सर्वांनी फक्त तिच्याशी ठरलेल्या एकाच पद्धतीने बोलावे. आता ९ जोड्या पुरतात. त्यानंतर एका 'कार्डा'ला बाहेर पाठवून नवा मुलगा आणा आणि कोणाला काय नव्याने शिकावे लागले ते विचारा. शेवटी 'जिना' झालेल्या मुलीला कानात सांगून तिची पद्धत गुपचूप बदलायला लावा. सगळा वर्ग अडेल. मानक कोणाच्या हाती असते आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला असावा, ही चर्चा तेथून आपोआप सुरू होते.

शाळेसाठी एखादे उपकरण घेण्याची वेळ आली की मी मित्रांना एकच प्रश्न विचारायला सांगतो. फळा असो, प्रयोगाचा संवेदक असो की हजेरीचे यंत्र, ते बिघडले किंवा बनवणारी कंपनी बंद पडली तर त्यातली आपली माहिती दुसऱ्या यंत्राने वाचता येईल का? जोडणीची पद्धत जाहीर आहे का? किंमत आणि हमी यांच्याबरोबर हे उत्तर लेखी घ्यावे. माझ्या सहकाऱ्याच्या प्रबंधाचे एक वर्ष या न विचारलेल्या प्रश्नात गेले.

संध्याकाळी कोपरला उतरलो की वरच्या गाडीसाठी धावणारी माणसे मला ओलांडून जातात. खालच्या गाडीला उशीर झालेला असतो, वरची वेळेवर असते, कधी उलट. जिन्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो दुरुस्तीसाठी बंद असतो त्या दिवशी मात्र साऱ्या स्टेशनला त्याची आठवण होते.